मोरीतून वाहून जाणारा नफा
लहान रंगखान्यात पर्यावरणाची सुरुवात कशी करावी?

पर्यावरण म्हटले की आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे खात्याची नोटीस आणि दुसरी म्हणजे मोठ्या कंपन्यांचे गुळगुळीत कागदावरचे अहवाल. हा विषय आपल्यासारख्यांचा नाही, त्याला पैसा आणि शिकलेली माणसे लागतात, असे समजून आपण तो बाजूला ठेवतो. हा समज धंद्याला महाग पडणारा आहे. रंगखान्यातून जे नदीत आणि हवेत जाते, ते आपणच पैसे मोजून आणलेले असते. पाणी, मीठ, रंग, कोळसा, वीज यांपैकी काहीच फुकट येत नाही. घरात 'इस्राफ करू नका' हे लहानपणापासून आपल्या कानावर पडते. तोच धडा कारखान्यात लावायचा आहे.

दोन शहरांचा धडा

तामिळनाडूतील आंबूर, वानियमबाडी, राणीपेट या भागांत चामडे कमावण्याचा मोठा धंदा आहे आणि त्यात आपल्या समाजाचा वाटाही मोठा आहे. तेथील टॅनऱ्यांच्या सांडपाण्याने पालार नदी आणि आसपासच्या विहिरी खराब झाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट १९९६ च्या निकालात न्यायालयाने दोन तत्त्वे देशाच्या कायद्याचा भाग मानली. प्रदूषण करणाऱ्यानेच नुकसान भरून द्यावे, हे पहिले. धोका दिसत असेल तर पूर्ण पुराव्याची वाट न पाहता खबरदारी घ्यावी, हे दुसरे. आजही प्रदूषणाच्या खटल्यांत याच निकालाचा आधार घेतला जातो.

दुसरे उदाहरण होजिअरीचे शहर तिरुपूर. तेथील रंगखान्यांचे खारट, रंगीत पाणी नोय्यल नदीत जात होते आणि खालच्या शेतकऱ्यांची जमीन नासत होती. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मुदत घालून दिली. ती पाळली गेली नाही. जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने सातशेहून अधिक रंगखाने आणि त्यांची सामाईक सांडपाणी केंद्रे बंद करण्याचा आदेश दिला. कामगारांची रोजी बुडाली, माल रंगविण्यासाठी दूरच्या गावी पाठवावा लागला. ध्यानात घ्यावे की, बंदी आली तेव्हा ती सगळ्यांवर आली. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर येथील आपल्या बांधवांनी हे विसरू नये.

पहिले काम: वही

सुरुवात यंत्र विकत घेऊन करू नये. सुरुवात वहीने करावी. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याला मीटर बसवा. रोज संध्याकाळी पाच आकडे लिहा: किती किलो कापड रंगविले, किती लिटर पाणी लागले, किती किलो कोळसा किंवा लाकूड जळले, किती युनिट वीज गेली आणि किती माल पुन्हा रंगवावा लागला. महिनाअखेर पाणी, इंधन आणि वीज यांना कापडाच्या किलोने भागा. सुती कापडाच्या प्रक्रियेत किलोमागे १०० ते १५० लिटर पाणी लागल्याची उदाहरणे नेहमी दिली जातात. आपला आकडा त्याहून वर असेल, तर घरचा पैसा मोरीत चालला आहे, हे समजायला कोणाचा सल्ला लागत नाही.

पाणी वाचले की मीठही वाचते

समजा १०० किलो सुती कापड रिऍक्टिव्ह रंगाने रंगवायचे आहे. विंचवर किलोला २० लिटर पाणी धरले तर एका भरणीला २,००० लिटर लागतात. जिगरवर किलोला ५ लिटर धरले तर ५०० लिटरमध्ये भागते. लिटरला ५० ग्रॅम मीठ घालायचे असेल, तर विंचवर १०० किलो मीठ जाईल आणि जिगरवर २५ किलो. शिवाय जास्तीचे १,५०० लिटर पाणी ३० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण २० किलो कोळसा जळतो. सगळेच कापड जिगरवर चालत नाही, होजिअरीचे तर नाहीच. पण जे चालते ते विंचवर का घालावे?

मिठाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. साध्या ईटीपीमध्ये रंग आणि घाण बरीच कमी होते, मीठ मात्र निघत नाही. ते काढायला रिव्हर्स ऑस्मोसिस आणि बाष्पीभवनाची महागडी यंत्रे लागतात. तिरुपूरच्या रंगखान्यांना अखेर हाच मार्ग धरावा लागला. म्हणून जे मीठ मुळात घातलेच नाही, ते सर्वांत स्वस्तात काढलेले मीठ.

धुलाईतही हाच हिशेब आहे. नळ सोडून कापड वाहत्या पाण्यात धूत राहण्यापेक्षा हौद भरून, हलवून, रिकामा करून पुन्हा भरावा. मिनिटाला २० लिटरचा पाइप अर्धा तास वाहिला तर ६०० लिटर जातात. शेवटच्या धुलाईचे पाणी जवळजवळ स्वच्छ असते. ते टाकीत साठवून पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुलाईला वापरावे. फिक्या छटा आधी आणि गडद नंतर, असा दिवसाचा क्रम लावला तर यंत्र धुण्याचे पाणीही वाचते.

वाफ आणि इंधन

वाफेचे थेंब झालेले गरम पाणी अनेक ठिकाणी मोरीत सोडलेले दिसते. ते पाणी बॉयलरच्या टाकीत परत घ्यावे. बॉयलरला जाणारे पाणी ६ अंशांनी जास्त गरम असले की सुमारे १ टक्का इंधन वाचते. म्हणजे ३० अंशांऐवजी ६० अंशांचे पाणी गेले तर ५ टक्के. उघड्या वाफेच्या पाइपांना लेप द्यावा, गळणारे व्हॉल्व्ह त्याच आठवड्यात बदलावेत.

भट्टीत प्लास्टिक, रबर, जुने टायर जाळणे मात्र पूर्ण बंद झाले पाहिजे. ते स्वस्त दिसते. पण त्या धुरातील विष प्रथम आपला फायरमन आणि नंतर आपल्याच मोहल्ल्यातील मुले श्वासावाटे घेतात.

रंग तोलून घ्या

साध्या रिऍक्टिव्ह रंगात घातलेल्यापैकी २० ते ४० टक्के रंग कापडावर बसतच नाही, पाण्याबरोबर जातो. अंदाजाने मूठभर जास्त टाकल्याने छटा खुलत नाही, मोरी खुलते. प्रत्येक छटेचे कार्ड ठेवा. वजन, तापमान, वेळ लिहा. पहिल्याच वेळी छटा जमली तर पाणी, वाफ, मजुरी सगळे एकदाच लागते. रंग घेताना बंदी असलेले ॲझो रंग नाहीत, असे पुरवठादाराकडून लेखी घ्या. जर्मनीने १९९४ मध्ये आणि आपल्या सरकारने १९९७ मध्ये घातक अमाइन सोडणाऱ्या रंगांवर बंदी घातली आहे. असा रंग सापडला तर निर्यातीचा माल बंदरातून परत येऊ शकतो.

वीज आणि चिंध्या

चोकसह जुनी ट्यूब सुमारे ५० वॅट घेते, एलईडी २० वॅट. चाळीस ट्यूब बारा तास चालत असतील तर रोज १४ युनिटहून अधिक वाचतात. चिंध्या पांढऱ्या आणि रंगीत वेगळ्या ठेवाव्यात. मिसळलेल्या मालाला भाव पडतो.

कायदा आणि व्यापारी

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र मुदतीत असावे. ईटीपीचा गाळ नाल्यावर न टाकता अधिकृत केंद्राकडेच पाठवावा आणि पावत्या जपाव्यात. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ मध्ये असावा लागतो. पीएचचे कागद स्वस्तात मिळतात, रोज तपासा. पीएच बरोबर आला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे मात्र नाही. वर्षातून काही वेळा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पूर्ण तपासणी करावी.

शेवटी आमच्यासारख्या कापड व्यापाऱ्यांविषयी. माल जॉबवर देताना आम्ही मीटरला दहा पैसे कमी करून घेतो आणि ते कोठून कमी झाले हे विचारत नाही. ईटीपी रात्री बंद ठेवून वाचविलेले दहा पैसे शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीतून आलेले असतात. ती कमाई कशी म्हणायची, हे ज्याने त्याने ठरवावे. वही ठेवणाऱ्या रंगखान्याला व्यापाऱ्याने वाजवी दर आणि वेळेवर पैसे द्यावेत.

या महिन्यात एवढेच करावे. पहिल्या आठवड्यात मीटर आणि वही. दुसऱ्यात गळती बंद. तिसऱ्यात धुलाईच्या पाण्याची टाकी आणि छटांची कार्डे. चौथ्यात मुकादम, रंगारी आणि फायरमन यांना बसवून आकडे वाचून दाखवावेत आणि बचतीतला काही भाग त्यांना बक्षीस द्यावा. मोरी कोठे वाहते हे मालकापेक्षा कारागिराला जास्त ठाऊक असते. त्याला विचारा, तो सांगेल.