ड्रॅक्युला सासरी नेताना

भुताच्या सिनेमांच्या डिस्क आईकडे ठेवून जायचा विचार आधी डोक्यातून काढून टाक. साड्या जातील, पुस्तकं जातील, तसाच ड्रॅक्युला झालेला ख्रिस्तोफर लीसुद्धा तुझ्याबरोबर जाईल. आज तो लपवलास की उद्या इंग्लंडहून येणारं पार्सल लपवावं लागेल, मग त्याची किंमत, मग पोस्टमनने मागितलेली कस्टम ड्युटी. नव्या संसारातली पहिली लपवाछपवी एका मेलेल्या सरदारापायी कशाला गं? पगार तुझा, शौक तुझा. फक्त आकडा खरा सांग. साडीची किंमत निम्मी सांगायची आपल्या घराण्याची सवय इथे चालायची नाही. बॉक्ससेटची खरी किंमत नवरा मोबाइलवर दोन मिनिटांत काढेल.

सासूसासऱ्यांचं म्हणशील, तर "भुताचे सिनेमे जमवते" हे वाक्य तोंडातून काढूच नकोस. सुरुवात धारपांपासून कर. सासरे वाचणारे आहेत ना? त्यांच्या वयाच्या नाशिककराने सार्वजनिक वाचनालयातून नारायण धारपांच्या 'समर्थ'कथा आणल्या नसतील, असं मला तरी वाटत नाही. अघोरी शक्तीपुढे न डगमगता उभा राहणारा, पोथ्या पालथ्या घातलेला तो समर्थ. 'ड्रॅक्युला'त पीटर कुशिंगने रंगवलेला व्हॅन हेल्सिंग त्याच जातकुळीतला. अमिकस कंपनीचे चार-पाच गोष्टी एकत्र ओवलेले सिनेमे म्हणजे मतकरींच्या गूढकथांचे चुलतभाऊ. रामसे बंधू तर त्यांना माहीतच असणार. 'बंद दरवाजा' (१९९०) हा ड्रॅक्युलाचाच देशी अवतार. एवढं झालं की मग सांग, या सगळ्याचं आजोळ विलायतेत आहे आणि मी ते जमवते.

"फोनवर सगळं मिळतं, मग डबे कशाला?" हा बाबांचा प्रश्न तिथेही येणारच. बाबांना मी दिलेलं उत्तर तुला देऊन ठेवते. आपण फाळक्यांच्या गावचे. 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता, आज त्यातली पहिली आणि शेवटचीच उरली आहेत, तीही १९१३ ची की नंतर पुन्हा केलेल्या चित्रपटाची यावर अभ्यासक अजून वाद घालतात. इंग्लंडातही काही फार वेगळं नाही. १९५८ च्या 'ड्रॅक्युला'वर तिथल्या सेन्सॉरने कात्री चालवली. शेवटी उन्हात ड्रॅक्युलाची राख होते ना, त्यातला तो स्वतःचा चेहरा ओरबाडतो तो तुकडाच गेला. पुढे कितीतरी वर्षांनी तो सापडला कुठे, तर टोकियोच्या फिल्म संग्रहातल्या जपानी प्रिंटमध्ये, आणि २०१३ साली ब्रिटिश ब्लू-रेवर आला. 'द विकर मॅन'ची (१९७३) मूळ निगेटिव्हच हरवली. २०१३ मध्ये त्याची जी आवृत्ती निघाली तिच्यासाठी हार्वर्डच्या संग्रहातली प्रिंट कामी आली. फोनवर जे दिसतं ते कुठल्या कात्रीचं आहे, कोण सांगणार? आणि पुढच्या महिन्यात ते तिथे असेलच, असंही नाही. डिस्क आपल्या कपाटात राहते.

म्हणूनच विकत घेताना नावापेक्षा आवृत्ती बघ. जाक तूर्नरचा 'नाइट ऑफ द डेमन' (१९५७) अमेरिकेत 'कर्स ऑफ द डेमन' या नावाने गेला तेव्हा त्यातली जवळजवळ तेरा-चौदा मिनिटं कापली होती. स्वस्तात मिळाला म्हणून तो कापलेला घेशील आणि मग पुन्हा पूर्ण घेशील, म्हणजे दोनदा पैसे. डब्याच्या मागे मिनिटं छापलेली असतात, ती वाचायची सवय लाव.

आता विभागाचं. इथे तुला कुणी फसवणार नाही, तूच फसशील. ब्लू-रेसाठी ब्रिटन 'बी' विभागात येतं आणि भारत 'सी'मध्ये. डीव्हीडीत ते दोन नंबरला, आपण पाचला. म्हणजे इथल्या दुकानातून आणलेल्या साध्या प्लेअरवर तिथली विभागबंद डिस्क चालणार नाही. सगळ्याच काही बंद नसतात, पण पैसे भरायच्या आधी वर्णन नीट वाच. प्लेअर घ्यायचा तर सगळे विभाग चालणारा घे. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये डीव्हीडीचा विभाग बदलायचा झाला तर तो पाचच वेळा बदलता येतो, मग कायमचा अडकतो. गंमत म्हणून बदलत बसू नकोस.

टेप्सचं गणित निराळं. ब्रिटिश व्हीएचएस आपल्यासारख्याच पॅल पद्धतीची, त्यामुळे बाबांच्या जुन्या व्हीसीआरवर ती सुरळीत चालते. अमेरिकन टेप तशी चालेलच असं नाही. पण तुला त्या प्री-सर्टच्या नादाला लागलेलं मला बघायचं नाही. ब्रिटनच्या १९८४ च्या व्हिडिओ कायद्याआधी सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय निघालेल्या टेप्स, म्हणून शौकीन लोक त्यांना वाटेल ती किंमत देतात. किंमत असते खोक्याची आणि वरच्या भडक चित्राची. सिनेमा बघायचा तर ब्लू-रे कितीतरी सरस. चित्रच हवं असेल तर पोस्टर घे, भिंतीवर तरी दिसेल. आणि आपल्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. रिळाच्या कडेला पांढरट काही दिसलं तर ती टेप व्हीसीआरमध्ये घालू नकोस, हेड खराब होईल आणि तीच बुरशी पुढच्या टेपला लागेल. आहेत त्या उभ्या ठेव, सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि नव्या घरात बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट घेऊ नकोस. श्रावणात ती भिंत ओलावते. व्हीसीआरही जपून वापर. व्हीसीआर शेवटपर्यंत बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता सुटे भाग जुन्या मशिनांतूनच काढावे लागतात.

जांभळट पाठीची डीव्हीडी कुणी "रेअर आहे मॅडम" म्हणून विकली तर हसून पुढे जा. ती बहुधा घरी कॉपी केलेली असते.

सगळंच जमवायचा हट्ट मात्र सोड. 'ड्रॅक्युला' काढणाऱ्या हॅमर कंपनीनेच इतके सिनेमे काढले की पुरे करायला गेलीस तर गृहकर्ज काढावं लागेल. एक वाट धर. मला विचारशील तर ब्रे स्टुडिओची वाट. थेम्सकाठचं एक जुनं घर, तेच बाग, तेच किल्ला, तेच गाव. 'प्लेग ऑफ द झोंबीज' आणि 'द रेप्टाइल', दोन्ही १९६६ चे, एकाच उभारलेल्या गावात चित्रित झाले. लागोपाठ दोन रात्री बघ, घरं ओळखू येतात. त्याच वर्षीच्या 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये ख्रिस्तोफर ली अख्ख्या सिनेमात एक शब्द बोलत नाही, तरी भीती त्याचीच वाटते. टंचाईत काम करणाऱ्या माणसांची ही हुशारी मला भुतांपेक्षा जास्त आवडते.

'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे'सुद्धा (१९५९) असू दे. ठगांवरचा, दिग्दर्शक टेरेन्स फिशरचा. तोंडाला रंग फासलेले इंग्रज आणि कालीमातेच्या नावाने चाललेला तो सगळा आचरटपणा! दरवर्षी सप्तशृंगगडावर जाणाऱ्या आपल्या घरात तो बघताना आधी राग येतो, मग हसू. इंग्रजांना नेमकी कशाची भीती वाटत होती, हे त्यात फार उघडं पडतं. तो अमेरिकेत २००८ साली चार सिनेमांच्या डीव्हीडी संचात निघाला होता. विभाग एक, लक्षात ठेव.

आणि एक यादी कर. नाव, साल, आवृत्ती, कितीला घेतली. एक प्रत मला पाठव, एक नवऱ्याला दे. त्याला ती चौकशी वाटणार नाही, विश्वास वाटेल. उद्या घर बदललं, पाणी शिरलं, तर काय होतं हे तरी कळेल.

त्याच्याबरोबर पहिला कुठला लावायचा? 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९५७) नको, रक्त बघून जेवण जाईल. 'पीपिंग टॉम' (१९६०) तर नवरा-बायकोने पहिल्या महिन्यात बघायचा सिनेमाच नव्हे. 'डेड ऑफ नाइट' (१९४५) लाव. कृष्णधवल, पाच गोष्टी, आणि त्या बोलक्या बाहुल्याची गोष्ट संपेपर्यंत तो आपणहून तुझ्या बाजूला सरकून बसेल. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा चाहता आहे म्हणालीस ना? मग दुसऱ्या आठवड्यात 'ड्रॅक्युला' काढ आणि लीकडे बोट दाखवून सांग, हा बघ तुझा सारुमान, पस्तिशीतला.

'द व्हॅम्पायर लव्हर्स'चा (१९७०) डबा मात्र मागच्या रांगेत, नावाची बाजू आत करून ठेव. सासूबाई कपाट आवरायला येतातच.