नटीची झाली लेखिका

सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पडद्यावर नट दिसतो, नटी दिसते. लोक त्यांचीच नावे घेतात. पण नटाने कोठे उभे राहायचे, कोणाकडे बघायचे, केव्हा रडायचे, हे आधी कोणीतरी कागदावर लिहून ठेवलेले असते. त्या लिखाणाला पटकथा म्हणतात. पट म्हणजे चित्रपट. त्याची कथा ती पटकथा. अमेरिकेत अशा पटकथा लिहिणारी एक बाई होऊन गेली. तिची हकीकत आम्ही या पाठात सांगणार आहोत. तिचे नाव जून मॅथिस. जून हे महिन्याचे नाव खरे, पण तिकडे मुलीचेही ठेवतात.

अमेरिकेत कोलोरॅडो नावाचे डोंगराळ राज्य आहे. तेथे लेडव्हिल हे खाणींचे गाव. त्या गावी १८८७ साली जूनचा जन्म झाला. लहान वयातच ती नाटकाच्या धंद्यात शिरली. नाच करावा, नकला कराव्या, चार पैसे मिळवावे. पुढे ती मोठ्या नाटक मंडळ्यांबरोबर हिंडू लागली. आज या गावी, उद्या त्या गावी. आपल्याकडे तमाशाचे फड हिंडतात ना, तसेच. आई विधवा झालेली. घरात मिळवती हीच.

काही वर्षे ती ज्यूलियन एल्टिंज या नटाबरोबर दौऱ्यावर होती. हा गडी पुरुष, पण बाईचे सोंग घेण्यात मोठा पटाईत. त्याच काळात आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून रंगभूमीवर येत होते, आणि बघणारे खुळे होत होते. दोन्हीकडचे लोक सारखेच म्हणायचे!

नटीचे आयुष्य म्हणजे उसन्या शब्दांचे. दुसऱ्याने लिहिलेले बोलायचे, दुसऱ्याने सांगितले तसे चालायचे. रूप आहे तोवर काम, मग कोणी विचारत नाही. जूनने सत्ताविशी गाठली तेव्हा दौरे सोडले. आईला घेऊन ती न्यूयॉर्क शहरात राहिली आणि लिहिण्याचा अभ्यास सुरू केला. त्या वयात पुन्हा पाटी हातात घेणे सोपे नसते. ते या पुस्तकाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे! दिवसा अभ्यास करायचा, आणि संध्याकाळी सिनेमा पाहायचा. पाहायचा तो करमणुकीसाठी नव्हे. गोष्ट कशी जुळवली आहे, कोठे सैल पडली आहे, हे बघायचे.

मग पटकथा लिहिण्याची एक स्पर्धा निघाली. तिने आपले लिखाण पाठवले. बक्षीस काही मिळाले नाही. पण लिखाण जाणत्यांच्या डोळ्यांत भरले आणि कामे चालून आली. १९१५ साली तिच्या लिखाणावरून पहिला चित्रपट निघाला. १९१८ साली मेट्रो नावाच्या चित्रपट कंपनीने तिला कायम ठेवून घेतले. थोड्याच काळात त्या कंपनीच्या लेखन विभागाची ती मुख्य झाली. तिच्या हाताखाली लेखक आले. तेव्हा आता आपणही तिला जूनबाई म्हणू.

त्या काळचे सिनेमे मुके होते. त्यांना मूकपट म्हणत. नट ओठ हलवी, पण आवाज येत नसे. मधूनमधून पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येत. ज्याला वाचता येई त्याला गोष्ट कळे. आपल्याकडे तर थेटरात या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस असे. अशा सिनेमाचे लिखाण अवघड. बोलून काही सांगता येत नाही. सगळे दाखवून सांगायचे.

जूनबाई एक एक चित्र बेतून लिहीत. लग्नघरी सुपारी फुटल्यावर याद करतात, तसेच हे. कोणी काय आणायचे, मांडव कोठे, पंगती किती, सगळे कागदावर. याद नीट असली की ऐन वेळी धावाधाव होत नाही. सिनेमात एक दिवस फुकट गेला तर हजारोंचा चुराडा. म्हणून जूनबाई आधीच दिग्दर्शकाशी, म्हणजे चित्रपट घडवून घेणाऱ्याशी, बसून सगळे ठरवून घेत.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे 'चार घोडेस्वार' हा चित्रपट. मूळ कादंबरी स्पेन देशातल्या इबान्येझ या लेखकाची. १९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध पेटले, त्या वेळची गोष्ट. एका धनवान म्हाताऱ्याच्या दोन मुली. एक दिली फ्रेंच माणसाला, दुसरी जर्मन माणसाला. युद्ध लागले तेव्हा मावसभाऊ मावसभावासमोर बंदूक घेऊन उभा राहिला. युद्ध, दुष्काळ, मृत्यू अशी संकटे घोड्यावर बसून जगावर चालून येतात, असे ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात आहे. त्यावरून हे नाव.

कादंबरी अवाढव्य. तिचा सिनेमा होणे नाही, असे धंद्यातले बरेच जण म्हणत. जूनबाईंनी तो करून दाखवला, आधी कागदावर. कंपनीच्या मुख्यांनी पटकथा वाचली, आणि दिग्दर्शक कोण, नायक कोण, हेही बाईंनाच विचारले. बाईंनी दिग्दर्शक म्हणून रेक्स इंग्रॅम यांचे नाव सांगितले. नायक म्हणून सांगितला रुडॉल्फ व्हॅलेंटिनो. हा कोण? इटलीतून पोटासाठी आलेला पोरगा. बागेत काम केलेला, नाचून पैसे मिळवलेला. सिनेमात त्याला बारीकसारीक खलपुरुषाची कामे मिळत. बाईंनी हट्ट धरला. १९२१ साली चित्रपट लागला, आणि लोकांच्या उड्या पडल्या. व्हॅलेंटिनोचे नाव घरोघर झाले. पुढच्याच वर्षी बैलाशी झुंजणाऱ्या गड्याच्या गोष्टीवर बाईंनी लिहिले, नायक पुन्हा तोच.

पुढे मात्र दिवस फिरले. बाई गोल्डविन या दुसऱ्या कंपनीत गेल्या. तेथे 'बेन-हर' या प्रचंड चित्रपटाचे काम त्यांच्याकडे आले. रोमन राज्यातली गोष्ट, त्यात रथांची शर्यत. चित्रण इटलीत करायचे ठरले. तेथे मजुरांचे तंटे निघाले, काम रखडले. बाई इटलीत पोचल्या, तर त्यांना चित्रणात लक्षच घालू देईनात. त्यातच १९२४ साली कंपनी दुसऱ्या कंपन्यांत मिसळली. नव्या मालकांनी दिग्दर्शक बदलला, नायक बदलला, आणि बाईंनाही दूर केले. काम सोपवायचे आणि शब्द ऐकायचा नाही, ही रीत आम्हाला पटत नाही. १९२५ च्या अखेरीस चित्रपट लागला, खूप गाजला. लेखनात बाईंचे नाव राहिले, एवढेच.

बाई डगमगल्या नाहीत. इटलीत भेटलेल्या बाल्बोनी नावाच्या माणसाशी लग्न केले, आणखी एका कंपनीत हलक्याफुलक्या गोष्टी लिहिल्या.

व्हॅलेंटिनोशी मधल्या काळात त्यांचे बिनसले होते. एका पटकथेवरून. पुढे समेट झाला. पण १९२६ च्या ऑगस्टमध्ये तो एकतिसाव्या वर्षी वारला. लाखोंचा लाडका, पण दफनाची जागा केलेली नव्हती. जूनबाईंनी हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्यासाठी घेतलेली जागा त्याला दिली. तात्पुरती म्हणून.

वर्षही पुरते झाले नाही. २६ जुलै १९२७ रोजी न्यूयॉर्कला आजीबरोबर नाटक पाहायला गेल्या असताना जूनबाईंचे हृदय बंद पडले. वय चाळीस. त्यानंतर तीनच महिन्यांत बोलणारा सिनेमा आला. नटांना शब्द लिहून देण्याची पाळी बाईंवर आलीच नाही. व्हॅलेंटिनोला शेजारच्या जागेत हलवले, आणि बाईंना त्यांच्या स्वतःच्या जागेत ठेवले. दोघे अजून तेथेच शेजारी आहेत. 'चार घोडेस्वार' हा चित्रपटही टिकून आहे. १९९५ साली अमेरिकेने जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीत तो घातला.