वैनगंगेची पातळी आणि वेगळी नोंद
ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा जिल्ह्यातील अनेक गावे वेढली. या नदीची पातळी कारधा येथे मोजली जाते. पावसाळ्यात नोंदींचा ओघ सतत चालू असतो. पातळी व वाढीचा वेग यांत साम्य असलेल्या नोंदींचे गट पाडावेत : संथ प्रवाहाचा एक, चढत्या पाण्याचा दुसरा. नवी नोंद कोणत्याच गटाच्या जवळ बसत नसेल, तर ती वेगळी समजावी. मात्र चूक मानून खोडू नये. वरच्या अंगाच्या केंद्रांवरही पाणी चढत असेल, तर ती पुराची वर्दी होय. नसेल, तर स्थानिक पाऊस व यंत्र तपासावे. ऋतूबरोबर गटही नव्याने बांधावेत, कारण उन्हाळ्याच्या मापाने पावसाळा मोजता येत नाही. वेळीच ओळखलेली एक नोंद गावाला सुरक्षित स्थळी जाण्यास अवधी देते.