मीडियास्टिनममधला शेजार

लातूर

चि. मृणाल,


मीडियास्टिनमची यादी पाठ होत नाही म्हणून परवा फोनवर रडकुंडीला आली होतीस. अगं, यादीत कोण कोणाला खेटून आहे ते कळत नाही, आणि या भागात सगळं त्यावरच चालतं.

पुढे छातीचं हाड, मागे मणके, दोन्ही बाजूंना फुप्फुसांची आवरणं, खाली डायफ्राम; मधल्या जागेत हृदय, एऑर्टा, श्वासनलिका, अन्ननलिका दाटीवाटीने बसलेत. स्वतःच्या गळ्याखालच्या खळगीत बोट ठेव आणि हाडावरून खाली सरकव. चार-पाच सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागेल. दुसरी बरगडी तिथे जुळते. साधारण त्याच पातळीला आत श्वासनलिका दुभागते, एऑर्टाची कमान तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. वरचा मीडियास्टिनम संपून खालचा लागतो तोही इथेच. खालच्याचा पुढचा कप्पा चरबीचाच. त्यात फार वेळ घालवू नकोस.

खरी गंमत डावीकडे. व्हेगस नर्व्हची एक फांदी, लेफ्ट रिकरंट लॅरिंजियल, कमानीखालून वळसा घालून परत स्वरयंत्राकडे चढते. उजवी गळ्याच्या मुळाशीच वळते. म्हणून गुळण्या करून दमलेला पेशंट बसलेला आवाज घेऊन येतो आणि कधी कधी दुखणं छातीत निघतं: टीबीच्या गाठी, फुप्फुसाचा कॅन्सर, कमानीला आलेला फुगा. तीन आठवडे आवाज बसला असेल तर नुसत्या गोळ्या लिहून देऊ नयेत. स्वरतंतू बघावेत, डावा हलत नसेल तर छातीही तपासावी.

फ्रेनिक नर्व्ह फुप्फुसाच्या मुळाच्या पुढून, व्हेगस मागून. हे व्हायव्हात हमखास विचारतात.

संतकवी दासोपंतांच्या गावात शिकतेस. पंचमहाभूतांचं पंचीकरण त्यांनी सुमारे 40 फुटांच्या पासोडीवर लिहून काढलं. शास्त्र निराळं, पण सगळं एका कापडावर मांडायची खोड घेण्यासारखी आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तूही छाती एकदा पुढून, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून काढ. पुस्तक मिटून काढ, नाहीतर उपयोग नाही.

आणि सोमवारी डिसेक्शनला अन्ननलिका बाजूला घेशील तेव्हा चिमटा हळू चालव. अझायगस शीर आणि एऑर्टा यांच्या मध्ये फिकट, मणी ओवल्यासारखी थोरॅसिक डक्ट असते. पोरं ती चरबी समजून उपटतात. कोणीतरी आपला देह दिला म्हणून ती बघायला मिळते. बॅचमधल्या सगळ्यांना दाखवल्याशिवाय टेबल सोडू नकोस.

तुझी,
आत्या