एका संगणकात दुसरा संगणक

आमच्या पेढीचा जुना संगणक बंद पडला. त्याच्या डिस्कवरील हिशेब शाबूत निघाले. परंतु विंडोज एक्सपीवर चालणारा आमचा खतावणीचा प्रोग्राम नव्या संगणकावर उघडेना. वह्या हाती असून वाचता येऊ नयेत, अशी ती अवस्था! तीतून जो मार्ग निघाला, तो येथे सांगतो.

एका वखारीत भिंत घालून दोन धन्यांचा माल निराळा ठेवावा, तद्वत एका संगणकात दुसरा आभासी संगणक उभा करता येतो. आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या यंत्रांवर ही सोय १९७२ साली ग्राहकांस दिली होती. आज व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. त्यात नव्या संगणकाच्या ८ जीबी मेमरीपैकी १ जीबी आम्ही एक्सपीस तोडून दिली. परवाना आमच्याजवळ होताच. एक्सपी चालू झाली आणि खतावणी उघडली.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. म्हणून आतील संगणकास इंटरनेट जोडू नये. दुसरे असे की, आतील संगणकाची सारी डिस्क ही बाहेरच्या संगणकावरील एक फाइलच असते. तिची प्रत निराळ्या डिस्कवर, निराळ्या जागी ठेवावी. वखारीसच आग लागली, तर मधली भिंत माल वाचवीत नाही.