सूची आणि साठा

नेटवर्क ड्राइव्हवर ठेवलेला ध्वनिमुद्रणांचा व चित्रपटांचा संग्रह एके दिवशी पडद्यावरून नाहीसा झाला, तर बहुतेक वेळा नाहीशी झालेली असते ती सूची. साठा जागच्या जागी असतो. ग्रंथालयात कपाटातील ग्रंथ वेगळे आणि तालिकापत्रे वेगळी, तसेच येथेही असते. फाइली एका यंत्रावर राहतात. प्लेक्स किंवा कोडी यांसारखी प्रणाली त्यांची सूची दुसऱ्या यंत्रावर राखते.

प्रथम अन्य संगणकावरून तोच फोल्डर उघडून पाहावा. तेथे फाइली दिसल्या, तर दोष मार्गात आहे असे समजावे. विंडोजमध्ये ‘झेड’ यासारखे ड्राइव्हचे अक्षर ज्या वापरकर्त्याने जोडले त्याच्यापुरतेच असते. निराळ्या खात्यावर चालणाऱ्या सेवेला ते दिसतच नाही. अशा वेळी अक्षराऐवजी सर्व्हर व फोल्डर यांच्या नावांचा पूर्ण मार्ग द्यावा. एसएमबी ही फाइली वाटून घेण्याची नियमावली १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये जन्मली. तिची पहिली आवृत्ती २०१७ पासून विंडोजच्या नव्या स्थापनेत बंद असते. जुने ड्राइव्ह त्यामुळेही अबोल होतात.

लिनक्सवर धोका अधिक गंभीर. वीज जाऊन आल्यावर ड्राइव्ह पुन्हा जोडला गेला नाही, तरी तो जेथे जोडावयाचा तो फोल्डर रिकामा उरतो. मालकानेच सर्व फाइली काढून टाकल्या, असा प्रणालीचा समज होतो आणि कचरा आपोआप रिकामा करण्याची सोय चालू असेल, तर ती नोंदी पुसून टाकते. कोणत्या मैफलीत कोण तबल्यावर होते, हे कोणी वर्षानुवर्षे हाताने नोंदवले असेल, तर ते श्रम वाया जातात. ध्वनिमुद्रणे मात्र सुखरूप! म्हणून संग्रह दिसेनासा होताच पुन्हा छाननीची आज्ञा देऊ नये. आधी सूचीची प्रत काढावी.

नवी फाइल सूचीत येत नाही, ही तक्रार त्यामानाने साधी आहे. दुसऱ्या यंत्रावरून झालेल्या बदलाची वर्दी नेटवर्कवरून पुष्कळदा पोचत नाही. ठरावीक वेळी छाननी होईल अशी व्यवस्था केली म्हणजे भागते.

देवनागरी नावांत आणखी एक सूक्ष्म अडचण संभवते. ‘दऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. ॲपलची जुनी फाइलव्यवस्था अशी अक्षरे सुटी करून ठेवीत असे. डोळ्यांना एकच भासणारे नाव यंत्रास मग दोन वाटते. अशा फाइलीचे नाव पुन्हा टंकून पाहावे.