पाठ फिरवा, सांधा नको

सिंगापूरमध्ये शनिवार-रविवारी मी मुलांना कुस्ती शिकवतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे. हे कोल्हापूरकडच्या मातीचं वेड. वर्गात चिनी, मलय, तमिळ, पंजाबी आणि थोडी मराठी घरची पोरं असतात. ती मला एक प्रश्न हमखास विचारतात : "कोच, दिस वन कॅन ऑर नॉट?" म्हणजे हे चालतं की नाही? आणि हा प्रश्न बहुतेक वेळा एकाच जागी उभा राहतो. समोरचा पालथा किंवा गुडघ्यांवर आहे, ताबा आपला आहे, आणि आता त्याला उलटवायचंय. त्याची मान, दंड, घोटे सगळं आपल्या हाताशी आलेलं असतं. डावही तिथेच सुचतात आणि आगळीकही तिथेच होते. त्या जागेबद्दल आजवर जे कळलं, ते असं :

१. उलटला कधी म्हणायचं, हे आधी पक्कं करा.
मातीत हिशेब सोपा. दोन्ही खांदे टेकले की चीतपट, नाहीतर कुस्ती चालू. मॅटवर खांदे टेकण्याआधीच हिशेब सुरू होतो. खालच्याची पाठ मॅटच्या दिशेने वळली आणि मॅटशी तिचा कोन नव्वद अंशांहून कमी झाला, की वरच्याला २ गुण. बघायला आलेले आजोबा म्हणतात, "अहो, अजून चीत कुठे झालाय?" चीत झालेला नसतोच, पण गुण झालेले असतात. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की खांदे न टेकताही लढत संपते. उलट, चीत झाला की गुणफलक कोणी बघत नाही. मात्र खांदे खरंच टेकले का, यावर किती रण माजू शकतं ते २०२५ च्या अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत सगळ्यांनी पाहिलं. म्हणून पोरांना मी आधी पंचाच्या जागी बसवतो आणि कोन बघायला लावतो. डाव त्यानंतर.

२. पहिला डाव भारंदाजच शिकवा.
दोन्ही हातांनी कमरेला कवळा घालायचा, बरगडीच्या खालच्या कडेला पकड घट्ट करायची, छाती त्याच्या पाठीला चिकटवायची, आपली कंबर त्याच्या कमरेखाली सरकवायची आणि मानेवर कमान करून त्याला आपल्यावरून पलीकडे लोळवायचं. इंग्रजीत याला गट रेंच म्हणतात. नवखी पोरं दंडाच्या जोरावर ओढत बसतात आणि दमतात. ताकद कमरेतून आणि पायांतून यायला हवी. हातांचं काम नुसतं बांधून ठेवायचं. पकडीत त्याचा एक हात अडकला तरी हरकत नाही. या डावात अख्खं धड एकसंध फिरतं, एकट्या सांध्यावर भार येत नाही. म्हणून लहानांनाही तो निर्धास्त देता येतो.

३. फितल्यात गुणांची रास लागते, पण त्यावर विसंबू नका.
दोन्ही घोटे एकमेकांवर चढवून कवळ्यात बांधायचे आणि त्यांच्या आधाराने समोरच्याला पुन्हा पुन्हा लोळवायचं, हा तो डाव. लंडनला २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये योगेश्वर दत्तने ६० किलो गटाच्या कांस्यपदकाच्या लढतीत उत्तर कोरियाच्या री जोंग-म्योंगला याच डावाने गुंडाळलं. शेवटची फेरी ६–० अशी गेली. टोकियोत २०२१ मध्ये उलटं घडलं. ५७ किलोच्या उपांत्य लढतीत कझाकस्तानच्या नुरिस्लाम सनायेवने रवी दहियाला फितल्यात लोळवून ९–२ अशी आघाडी घेतली. रवीने शेवटी त्याला चीत केलं, आणि खाली अडकलेल्या सनायेवने रवीच्या दंडाचा चावा घेतला. तो प्रसंग मी वर्गात दाखवतो. वर असलेल्याला नियम असतात तसे खाली असलेल्यालाही असतात, हे त्यातून न सांगता कळतं. फितले शिकवताना माझी एकच अट : आधी त्याची कंबर फिरली पाहिजे, पाय तिच्यामागून. कंबर जागची हलत नसताना नुसते घोटे पिळले तर सगळा पीळ गुडघ्यात जातो.

४. मानेला एकच हात.
त्याच्या काखेतून हात घालून मानेवर न्यायचा आणि खांदा उचलत त्याला उलटवायचं. मॅटवर हा हाफ नेल्सन. आमच्या तालमीत याला हप्ता भरणं म्हणायचे. हा चालतो. दोन्ही काखांतून दोन्ही हात घालून मान दाबली की तो दुहेरी होतो. मोठ्या पुरुषांना तो फक्त बाजूने, समोरच्याच्या अंगावर कुठेही पाय न वापरता लावता येतो. लहान वयोगटांत आणि महिलांच्या कुस्तीत तो बंद आहे. याच शहरात २०१० मध्ये पहिलं युवा ऑलिंपिक झालं; पूजा ढांडाने रौप्य मिळवलं, सत्यव्रत कादियानने कांस्य. आमच्या पोरी पूजाच्या लढती बघतात तेव्हा मी त्यांना फक्त तिच्या हातांची जागा बघायला सांगतो.

५. हात पाठीमागे नेलात तर कोपराकडे लक्ष ठेवा.
दंड आणि कोपरापुढचा हात यांच्यामधला कोन काटकोनाहून लहान करून हात पाठीवर दाबला, की पंच तिथेच थांबवतात. गळा दाबणं, बोटं पिरगाळणं, कणा ताणणं, पायांची कात्री घालून धड किंवा मान आवळणं हेही तसंच. केलेला डाव बाद होतो, वर समोरच्याला गुण जाऊ शकतात. ही यादी पाठ करण्यापेक्षा पोरांना मी एक कसोटी देतो : तू जोर लावलास तर समोरच्याला त्या जोराबरोबर फिरता येतं का? फिरता येत असेल तर तो डाव आहे. फिरायला वाटच नसेल आणि जोर वाढतोय, तर ती दुखापत आहे. नियमावलीतली बहुतेक बंदी या एका प्रश्नात बसते.

६. घिस्सा मातीत ठेवून या.
आपल्याकडे खाली बसलेल्याची लांग धरून, मानेवर दाब ठेवून त्याला पुढे उलथवणं ही मोठी कला. मॅटवर मात्र अंगातला पोशाख धरायलाच मनाई. सुट्टीला गावी जाऊन तालीम बघून आलेली पोरं इथे येऊन कपड्याला हात घालतात, तेव्हा मी रागवत नाही. पकड कमरेच्या हाडावर न्यायला सांगतो. ढकलण्याची दिशा तीच राहते. मातीत वाढलेल्या माणसाला मॅटचे नियम शिकता येतात, हे गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ सालीच हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन दाखवलंय.

७. दुसऱ्या विद्या घेऊन आलेल्यांना आधी ऐका.
सिंगापुरात जिउ-जित्सूचे वर्ग जागोजागी आहेत. मिश्र मार्शल आर्टच्या लढती भरवणाऱ्या वन चॅम्पियनशिपचं घरही इथलंच. पैलवान रितू फोगट २०१९ मध्ये त्यासाठीच इथे येऊन राहिली. त्या वर्गांतून आलेली पोरं वरच्या जागी बिनचूक पोहोचतात. मग सवयीने गळ्याकडे हात नेतात, नाहीतर पोटाभोवती पाय गुंफतात. त्यांच्याकडे हे दोन्ही योग्यच, आमच्याकडे दोन्ही बंद. खाली सापडली की ती खुशाल पाठीवर येतात आणि फुकटचे २ गुण देऊन बसतात. ज्यूदोवाले कपडा शोधत राहतात. "तुझं चूक आहे" असं मी कुणालाच म्हणत नाही. "तिथे कॅन, इथे कॅनॉट" एवढं पुरतं.

८. तमाशाची कुस्ती वेगळी ठेवा.
कुस्ती म्हटलं की इथल्या म्हाताऱ्या लोकांना ग्रेट वर्ल्ड, हॅपी वर्ल्ड या जुन्या करमणूक बागांमधले खेळ आठवतात. सिंगापुरात नाव कमावलेला पैलवान किंग काँग आठवतो, आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस इथे येऊन कारखान्यात काम करता करता पैलवान झालेला दारासिंग. ही म्हातारी मंडळी नातवंडांना गळा आवळायच्या गोष्टी रंगवून सांगतात. सांगू द्यावं. मॅटवर उतरताना फक्त एवढं सांगायचं की ते खेळ प्रेक्षकांसाठी होते.

९. जोड सांभाळा.
हे मला कोल्हापुरात कधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिथे गरजच नव्हती. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत एक जोडीदार आजारी पडला तर दुसरा लंगोट बांधून उभाच असतो. इथे एकेका वजनात सरावाला मोजकी पोरं. त्यातल्या एकाचा खांदा गेला तर दुसऱ्याचाही सराव बंद पडतो. म्हणून आमच्या वर्गात उलटवायचा डाव आधी संथ करायचा. खालच्याने "दुखतंय" म्हटलं की लगेच सोडायचं, आणि दुखलं कुठे ते त्यानेच बोट ठेवून दाखवायचं. खांद्यावर, मानेवर किंवा गुडघ्यावर बोट गेलं तर पकड बदलायची. पोटावर किंवा बरगडीवर गेलं तर पकड बरोबर आहे, दाब कमी करून पुन्हा लोळवायचं. ही सवय लागलेली पोरं स्पर्धेत पंचाने थांबवण्याआधीच हात मोकळा करतात. त्यांना नियमावली आयत्या वेळी आठवावी लागत नाही.